ताईची सही

साठावं खोकं उघडून झालं तेव्हा ताईने कटर टेबलावर ठेवला आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून दाबला. उरलेली पाचशे चाळीस खोकी तळघराच्या भिंतीला छतापर्यंत लावलेली होती. ती उघडायची आता गरज नव्हती.

"किती निघाल्या?" पॉलिशकाकांनी विचारलं. ते अण्णांच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या वेळेपासून या वर्कशॉपात होते आणि पॉलिशबरोबर बाकी सगळंही करत, पण नाव पडलं ते पडलं.

"साठात एकेचाळीस."

"बाक आहे का पीळ?"

"पीळ."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. गिटारच्या दांडीला नुसता बाक आला तर फारसं बिघडत नाही. आत लोखंडी सळई असते, ती चावीने फिरवली की दांडी सरळ होते. पण लाकूड पुरतं वाळायच्या आत कापलेलं असेल, तर ते मागाहून, दुकानात टांगल्या टांगल्या, ओल्या फडक्यासारखं स्वतःला पिळून घेतं. एका बाजूच्या तारा वर उचलल्या जातात, दुसऱ्या बाजूच्या लाकडाला घासून खरखरतात. त्याला कुठली चावी नाही.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," काका म्हणाले. "इथे तर सुंभ अजून ओलाच आहे."

ताईला हसू आलं नाही. सकाळी साडेसातपासून ती उभी होती. समोर टेबलावर पडलेल्या गिटारी लहान मापाच्या होत्या, शाळेतल्या मुलांच्या हाताच्या. बावीस शाळांची मिळून सहाशे गिटारींची ही ऑर्डर दादाने, तिच्या मोठ्या भावाने, चार महिने खेटे घालून मिळवली होती. शाळांच्या समितीची अट एकच होती. प्रत्येक वाद्य तपासल्याचा कागद हवा आणि त्याखाली ताईची सही हवी. "शिक्का नको, त्यांची सही आणा," असं समितीच्या बाईंनी दादाला तोंडावर सांगितलं होतं, आणि दादाने ते घरी येऊन कौतुकाने सगळ्यांना ऐकवलं होतं. कागद उद्या सकाळी पोचवायचा होता. आज सोमवार, दुकानाची सुट्टी. अकरा वाजता तिसऱ्या मजल्यावर घरच्यांची बैठक होती.

"या पोरांनी काय करायचं?" काकांनी वर्कशॉपातल्या बाकी पाच माणसांकडे बोट दाखवलं. ती आधीच एकेक गिटार शिकंज्यात धरून कामाला लागली होती. नवा माल आला की तो दुरुस्त करायचा, ही त्यांची आता सवयच झाली होती.

"करू देत," ताई म्हणाली. "मी वर जाऊन येते."

पण तिला वर जायच्या आधीच वहिनी खाली आल्या. दादाच्या बायकोने गेली तीस वर्षं सगळ्या दुकानांतली माणसं सांभाळली होती. कुणाला रजा हवी, कुणाची आई आजारी, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्यांच्या डोक्यात. त्या रिकाम्या हाताने कधी येत नसत. आज थर्मास होता.

"घ्या वन्सं, दोन घोट. सकाळपासून काही पोटात नसेल."

ताईने कप घेतला. वहिनींनी टेबलावरची एक गिटार उचलून उगाचच उलटीपालटी केली. चार दशकं या घरात काढूनही त्यांना वाद्यातलं काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नव्हता.

"वरून तर छान दिसतेय."

"वरून छानच आहे."

"दुरुस्त होणार नाहीत का?"

"काही होतील. निम्म्याहून जास्त होणार नाहीत."

वहिनींनी गिटार ठेवली. "ह्यांची झोप गेलीय हो. पाच दुकानांच्या जागामालकांनी थकलेल्या भाड्यापायी जागा सोडा म्हणून सांगितलंय. ही ऑर्डर पार पडली तर म्हणे दुसऱ्या शाळाही येतील. तुम्ही आज सही करून टाका, मग वर्षभर एकेक शाळेतून परत आणून नीट करा. पाहिजे तेवढी माणसं देते मी तुम्हाला."

"कुठून द्याल? मागच्या महिन्यात चाळीस माणसांना निरोप दिलात तुम्ही."

वहिनींनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चिमणीचा विचार करा. या गिटारींचा कारखाना तिने शोधलाय. तुम्ही नाही म्हणालात तर पोर तोंडघशी पडेल. तिला हाताला धरून शिकवलंत तुम्हीच."

ते खरं होतं. दादाची मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून या तळघरात ताईच्या शेजारी स्टूल ओढून बसत असे. तारा कशा चढवायच्या, लाकूड बोटाने कसं ओळखायचं, सगळं तिला ताईनेच शिकवलं होतं. पुढे ती मोठी झाली, बाहेर शिकून आली आणि माल खरेदी करायचं खातं बघू लागली. ताईने चहा अर्धा ठेवला आणि जिना चढायला लागली.

पहिला मजला गिटारींचा. भिंतभर टांगलेल्या गिटारींपुढे चार उंच स्टुलं मांडलेली होती. शनिवार-रविवार ती भरलेली असत. माणसं तासन्‌तास बसून वाजवून बघत, विक्रेत्याला पन्नास प्रश्न विचारत, मग खिशातून फोन काढून त्याच गिटारीचा फोटो घेत आणि जिना उतरायच्या आत ती दुसरीकडून मागवत. "आपण काही दुकान चालवत नाही," मागे एकदा तिचा धाकटा भाऊ छोटू म्हणाला होता, "आपण फोनवाल्यांचं प्रदर्शन चालवतो. तेही फुकट."

छोटू त्रेपन्न वर्षांचा होता आणि त्याचे केस पिकले होते, तरी सगळ्यात धाकटा म्हणून अजून छोटूच होता. तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकून तिची वाट बघत उभा होता.

"ताई, थांब जरा. ऐकलं मी. एकेचाळीस ना?"

"बातमी माझ्या आधी चढली वाटतं."

"मी तुझ्या बाजूने आहे, एवढं लक्षात ठेव. वर दादा काहीही बोलू दे."

"माझी बाजू कुठली, ते मला तरी कळू दे."

"सही करायची नाही, ही." त्याने तिचा हात धरला. "गाद्यांच्या कंपनीला आपल्या आठ जागा हव्यात. दादा ऐकतच नाही. ही ऑर्डर गेली की त्याला ऐकावंच लागेल. लोकांना जागं ठेवायचा धंदा केला चाळीस वर्षं, आता झोपवणाऱ्यांना देऊन टाकू आणि आपणही झोपू. मी थकलोय गं."

शेवटचं वाक्य तो खरं बोलला होता. दोन वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने बारा दुकानांची शटरं खाली ओढली होती. एके काळी ती तेवीस होती. लोक दोन वर्षं घरात अडकले तेव्हा ज्याला त्याला गिटार हवी होती, गोदामं रिकामी झाली होती, आणि त्या भरवशावर दादाने सहा नवी दुकानं उघडली. मग लोक घराबाहेर पडले. त्याच गिटारी, काही तर प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या, निम्म्या किमतीत फोनवर विकायला निघाल्या. आपलाच माल आपल्या मुळावर आला. आता अकरा उरली होती.

"तुला गिटारींचं काही पडलेलं नाही, छोटू," ताई म्हणाली. "तुला फक्त माझा नकार हवाय."

"मग त्यात वाईट काय? नकार तो नकारच."

तिने हात सोडवून घेतला आणि उरलेला जिना चढली.

तिसऱ्या मजल्यावर पियानो होते. बसायला पुरेशी आसनं तिथेच असत, म्हणून बैठका तिथे होत. गोल स्टुलं फिरवून वरखाली करता येत आणि गिऱ्हाइकांची पोरं ती फिरवून फिरवून वाटेल तशी सोडून जात. त्यामुळे छोटूचे गुडघे छातीशी आले, आणि वहिनी सगळ्यांच्या वर, न्यायाधीशासारख्या बसल्या. चिमणी खिडकीशी उभी राहिली. दादा एका मोठ्या काळ्या पियानोच्या झाकणावर कोपर टेकून बसला होता. समोर कागद आणि पेन होतं. बासष्टाव्या वर्षीही त्याचा सदरा कडक इस्त्रीचा असे, आजही होता, पण हनुवटीखाली दाढीचा एक पट्टा राहून गेला होता.

"बस ताई," तो म्हणाला. "मी लांबण लावत नाही. साठ उघडल्यास, त्यात काही खराब आहेत. असतातच. सहाशे नगांत खराब निघणारच. तू सही कर, माल उद्या जाऊ दे. खराब निघतील त्या बदलून द्यायची जबाबदारी माझी."

"काही नाहीत, दादा. तीनात दोन आहेत."

"तीनात दोन तर तीनात दोन. तू आणि काका बसलात तर महिन्याभरात..."

"महिन्याभरात दांडीतलं पाणी निघत नाही."

"अगं, लहान मुलं आहेत. शिकायला बसणारी. त्यांना काय कळतंय दांडी सरळ का वाकडी?"

छोटूने तोंड उघडलं, पण ताईने त्याला हातानेच थांबवलं. ती बोलण्यात कधी पुढे नसायची. अण्णांनी दोघांचे गुण बघून दादाला गल्ल्यावर आणि तिला कामाच्या टेबलावर बसवलं होतं, तेव्हापासून बोलायचं ते दादाने, असं ठरूनच गेलं होतं.

"तेच तर," ती म्हणाली. "त्यांना कळत नाही. मोठा माणूस वाजवेल तर म्हणेल, गिटार भिकार आहे, आणि परत आणून आपटेल. पोराला तसं वाटत नाही. तार दाबता दाबली जात नाही, बोट कापतं, सूर खरखरतो. शेजारचा वाजवतोय, कारण त्याच्या हातात चांगली आलीय. मग याला वाटतं, आपल्यालाच येत नाही. आठ दिवसांत तो सोडून देतो आणि जन्मभर सांगत फिरतो, मला संगीतातलं काही कळत नाही. अशी चारशे पोरं, दादा. त्या प्रत्येकाच्या कागदावर माझी सही."

दादाने पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं.

"आणि आणखी एक सांगते. हे आजचं नाही. सहा वर्षं चाललंय. आपल्या नावाने आपण जो स्वस्तातला माल मागवतो ना, तो खाली येतो तेव्हा वाकडाच असतो. निम्मा तरी. मी आणि माझी माणसं तो सरळ करतो, दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांची, फ्रेटची, टोकं घासतो, आणि मग तो वर जातो. जुनी वाद्यं दुरुस्तीला यायची, ती मी दोन वर्षांपासून घेतच नाही. वेळच नाही. आम्ही नवीनच दुरुस्त करतो." ती थांबली. "मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं. झाकली मूठ म्हणून गप्प बसले. आणि खरं सांगायचं तर, आपल्यावाचून अडतं हे बरंही वाटत होतं."

वहिनींनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. छोटूने मान खाली घातली होती. त्याच्या बाजूचं बोलणं झालं होतं, पण त्याला ते नकोसं झालेलं दिसत होतं.

"मला माहीत होतं," दादा म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"माल तसा येतो आणि तू तो नीट करतेस, हे. पहिल्याच वर्षी कळलं होतं." तो ताईकडे बघत नव्हता, पियानोच्या झाकणातल्या स्वतःच्या अंधुक प्रतिबिंबाकडे बघत होता. "चांगला माल आपल्याला परवडत नव्हता. हा परवडत होता, कारण खाली तू होतीस. मी प्रत्येक वेळी तुला धरूनच हिशेब केला. ही ऑर्डरही तशीच घेतली. म्हटलं, ताई आहे, करेल."

सहा वर्षं ताईला वाटत होतं की आपण भावाला एका गोष्टीपासून वाचवतोय. ती गोष्ट त्याच्या खिशातच होती, आणि आपणही त्याच खिशात होतो. राग यायला हवा होता. आला तो फक्त थकवा, खांद्यांपासून मनगटांपर्यंत, कुणीतरी पाठीवर पोतं ठेवावं तसा.

"माझा अंगठा मार्चपासून वळत नाही," ती अखेर म्हणाली. "सकाळी पाण्याचा नळही डाव्या हाताने उघडते. तेवढं तुझ्या हिशेबात धर."

"बाबा," खिडकीशी चिमणी बोलली, "तुम्ही हे आत्याला सांगाल असं मला वाटलं होतं."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे. कारखाना मी शोधला." ती पुढे आली आणि आत्याच्या स्टुलामागे उभी राहिली. "आत्या, पहिले नमुने आले ते मी स्वतः तपासले होते. सरळ होते. मग बाबांनी भाव आणखी पाडून मागितला, तेव्हा कारखान्याचा माणूस मला म्हणाला, एवढ्यात बसवायचं तर लाकूड वाळवायला थांबता येणार नाही. मी ते बाबांना लिहून कळवलं. ते म्हणाले, होऊ दे. मी पुढे बोलले नाही. माझं तेवढं चुकलं."

वहिनी आपल्या उंच स्टुलावरून खाली उतरल्या. "म्हणजे सकाळी मला खाली पाठवलंत ते हे माहीत असून?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "थर्मास घेऊन जा म्हणालात. चिमणीचं नाव काढ म्हणालात. मी त्यांच्यापुढे पोरीची भीक मागून आले."

"अगं, मी..."

"मी तीस वर्षं तुमचा प्रत्येक वाईट निरोप पोचवला. कामावरून काढायचं ते मी, हात जोडायचे ते मी. हा शेवटचा." आणि त्या ताईच्या शेजारचं रिकामं स्टूल ओढून तिच्या बाजूला बसल्या.

दादा एका बाजूला उरला. त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं.

"म्हणजे सही नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग छोटू, काढ तुझी यादी. कधीपासून खिशात घेऊन फिरतोयस."

छोटूने खरंच खिशातून चार घड्यांचा कागद काढला. गाद्यांच्या कंपनीला हव्या असलेल्या आठ जागा त्यावर लिहिल्या होत्या. वर्षभर तो या घटकेची वाट बघत होता. त्याने कागद उलगडला, घसा साफ केला आणि वाचलं, "एक. स्टेशनसमोरचं." पुढे त्याला वाचता येईना. स्टेशनसमोरचं दुकान त्याने स्वतः उघडलं होतं, लग्नाच्या वर्षी, फळ्यांना रंगसुद्धा स्वतः दिला होता. तो कागदाकडे नुसताच बघत राहिला आणि मग त्याने तो चिमणीकडे दिला. "तू वाच."

चिमणीने आठही वाचली. कोणी काही हरकत घेतली नाही. तीन राहतील, हे मोठं दुकान त्यात. माणसांना सांगायचं कोण आणि कसं, यावर सगळेच थोडं थोडं बोलले, पण बोलणं पुढे सरकेना. तेवढ्यात दादाने मोबाइल काढला.

"कुणाला लावतोयस?" ताईने विचारलं.

"समितीच्या बाईंना. उद्यापर्यंत कशाला टांगून ठेवायचं."

तो उठून उभा राहिला. फोनवर धंद्याचं बोलताना तो नेहमी उभा राहत असे. इकडच्यांना फक्त त्याची बाजू ऐकू येत होती.

"नमस्कार. हो, माल पोचला. त्यासाठीच फोन केला... नाही, माझ्या बहिणीने तपासला. देण्यासारखा नाही... नाही नाही, वाहतुकीत नाही, मुळातच. लाकूड ओलं होतं... हो, मीच सांगतोय. आमचीच चूक... दुसरा माल? तुमच्या तारखेला नाही जमणार. खोटं कशाला सांगू?"

मग तो बराच वेळ ऐकत राहिला. चेहरा हळूहळू बदलला.

"आता तुम्ही घ्यायच्या कुठून, असं विचारताय," तो म्हणाला.

वीस वर्षांपूर्वी दादाच्या हाताखालचा सगळ्यात तयार विक्रेता नोकरी सोडून गेला होता आणि दोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत त्याने स्वतःचं दुकान थाटलं होतं. घरात त्याचं नाव कोणी घेत नसे. फितूर म्हटलं की कळायचं. दादा त्या गल्लीतून जातसुद्धा नसे, लांबचा वळसा घेई. तो माणूस मात्र अजून त्या एकाच खोलीत होता, थोडाच माल ठेवत होता आणि टिकून होता.

"लिहून घ्या," दादा म्हणाला, आणि डायरी न उघडता, फोनमध्ये न शोधता, एकेक आकडा सावकाश सांगत त्याने त्या दुकानाचा नंबर दिला. पलीकडून तो वाचून दाखवला असावा. "शेवटी सात. हो. सहाशे एकदम नाही जमणार त्याला, पण टप्प्याटप्प्याने देईल, आणि प्रत्येक तपासून देईल. भरवशाचा आहे. आमच्याकडेच शिकलाय."

फोन ठेवून तो स्टुलावर बसला.

"नंबर तुला पाठ आहे?" छोटूने विचारलं.

"कितीदा लावला असेल," दादा म्हणाला. "वाजायच्या आत ठेवून दिला."

वहिनी उठल्या, त्यांनी थर्मासच्या झाकणात उरलेला चहा ओतला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो घेतला नाही, पण दोन्ही हात त्याच्याभोवती धरून ठेवले.

ताई उठली. खाली पाच माणसं आणि पॉलिशकाका अजून गिटारी शिकंज्यात धरून बसले होते. त्यांना थांबा म्हणायला हवं होतं. मग त्यातल्या किती जणांना उद्यापासून काम असेल, तेही सांगायचं होतं. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर पोचली तेव्हा मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"थांब," दादा म्हणाला. "मीही येतो. ते मी सांगतो."

ती कठडा धरून थांबली. दादा आला. जिना अरुंद होता, म्हणून तो पुढे झाला आणि ती मागून उतरू लागली.